अ‍ॅल्युमिनियमला हिरवं टंगस्टनच लागतं का?

टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या सळईच्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची ज्योत, काढून धातू जोडतात, आणि सळईवरच्या रंगीत पट्टीवरून तिचा प्रकार कळतो. ‘अ‍ॅल्युमिनियमला हिरवं, स्टीलला लाल’ हा त्यातला नियम आजही नवशिक्यांकडून पाठ करून घेतला जातो. तो जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनच्या काळातला आहे. हिरव्या पट्टीचं शुद्ध टंगस्टन एसीवर वितळून टोकाला गोळी धरतं, आणि त्या मशीनवर ते चालायचं. इन्व्हर्टर मशीनवर एसीचा बॅलन्स, म्हणजे प्रवाहाच्या दोन उलट दिशांच्या वेळेचं प्रमाण, बदलून टंगस्टनवरची उष्णता कमी ठेवता येते. तिथे २ टक्के लँथनम ऑक्साइडचं निळं टंगस्टन टोक काढून, किंचित बोथट करून वापरा. आर्क एका जागी राहतो, आणि तेच टंगस्टन डीसीवर स्टीललाही चालतं.

लालबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. त्यातलं थोरियम ऑक्साइड किरणोत्सारी असतं, आणि खरा धोका आहे तो टोक काढायला चाकावर घासताना उडणाऱ्या धुळीचा, कारण ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. निळं मिळत असताना लाल घ्यायचंच कशाला?

घासताना ओरखडे टंगस्टनच्या लांबीच्या दिशेनेच पडले पाहिजेत. आडव्या ओरखड्यांमुळे आर्क भरकटतो. डीसीसाठी निमुळता भाग व्यासाच्या साधारण अडीचपट ठेवा. आणि टंगस्टनचं चाक वेगळंच हवं, त्यावर स्टील घासू नका.