लेखक-नायकांचे लिंग आणि वाचकांची पसंती (कोल्हापूर)

पुस्तक लिहिणारा पुरुष आहे की स्त्री, आणि गोष्ट नायकाची आहे की नायिकेची, यावरून वाचक ते हाती घेतो किंवा बाजूला ठेवतो, त्या कलाबद्दलची ही नोंद आहे. ब्रिटनमध्ये या कलाचे मोजमाप झाले आहे. ब्रिटिश पत्रकार-लेखिका मेरी ॲन सीगहार्ट यांनी २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तिथे सर्वाधिक खपाच्या दहा लेखिकांच्या वाचकांत पुरुष जेमतेम १९ टक्के होते. सर्वाधिक खपाच्या दहा लेखकांच्या वाचकांत मात्र ५५ टक्के पुरुष आणि ४५ टक्के स्त्रिया होत्या. म्हणजे स्त्रिया दोन्ही वाचतात, पुरुष बहुतांशी पुरुषांचेच वाचतात. कोल्हापुरात चित्र याच दिशेचे असले, तरी त्याला इथले वळण आहे: लेखिका टाळणारा वाचक नायिकेचे मनोगत टाळत नाही, फक्त ते पुरुषाने लिहिलेले असावे लागते.

शहराला वाचनाची जुनी सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तो देशातील पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. मात्र वाचनालयाच्या नोंदवहीवरून स्त्री-पुरुषांची आवड ठरवणे धोक्याचे. वर्गणीदार म्हणून नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचे, पुस्तक बदलून आणणार तो किंवा पोरगा, आणि वाचणार आई, वहिनी, आत्या, अशी रीत मराठी घरांत कित्येक वर्षे होती. ‘काहीतरी चांगलं बघून आण’ एवढ्या निरोपावर आलेली कादंबरी नेमकी कुणाच्या पसंतीची म्हणायची?

वर म्हटलेले वळण दिसते ते इथल्या गाजलेल्या कादंबऱ्यांत. कोल्हापुरात राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) राजाच्या नावावर आहे. पण तिच्यातील निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यात वाटलेले आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) कर्णाची. तिथेही कुंती आणि वृषाली स्वतःच्या तोंडाने बोलतात. मुखपृष्ठावर पुरुषाचे नाव, शीर्षकात नायक, आणि आत बाईचे ‘मी’ असा हा साचा आहे. तो इथे रुजला, पण सुरू त्याआधीच झाला होता. ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ अख्खी यमूच्या आत्मकथनाच्या रूपात लिहिली, तीही एकोणिसाव्या शतकात. देवयानीचा संताप किंवा कुंतीची घुसमट पुरुष वाचक मनापासून वाचतो. त्याच घुसमटीवर एखाद्या लेखिकेने आजच्या संसाराची कादंबरी लिहिली, की तिला ‘बायकांचं पुस्तक’ म्हणून शिक्का बसतो. पौराणिक वेषामुळे हा फरक झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

मराठीत कथा सांगणाऱ्याचे लिंग फार काळ लपत नाही. ‘मी आले’ की ‘मी आलो’, हे पहिल्याच परिच्छेदात कळते. गंमत अशी, की ज्या कोल्हापुरी बोलीत बायका-मुलीही बिनदिक्कत ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, तिथल्या वाचकालाही छापील पुस्तकात मात्र ‘मी जेवले’च लागते. शंकर पाटील, आनंद यादव यांनी या भागाची बोली साहित्यात आणली. तरी रोज कानावर पडणारा बाईचा ‘मी येतो’ मराठी कादंबरीत निवेदनाची भाषा म्हणून क्वचितच भेटतो.

मुखपृष्ठावरील नावाचीही एक रीत आहे. वि. स., ह. ना., ना. सी. अशी आद्याक्षरे पाहिली, की मराठी वाचक पुरुषच गृहीत धरतो. शांता शेळके, इंदिरा संत, गौरी देशपांडे ही नावे मात्र पूर्ण छापली जातात. आद्याक्षरांची ही आड इंग्रजीत जे. के. रोलिंग यांच्या प्रकाशकाने मुद्दाम वापरली, मुलगे बाईचे पुस्तक घेणार नाहीत या धास्तीने. मराठीत उलटे घडले. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले तेव्हा नाव बाईचेच होते, आणि त्यामागे कोण यावर गदारोळ माजला. पुढे त्या बाई मालतीबाई बेडेकर असल्याचे उघड झाले. ‘कोणी लिहिले’ याची चौकशी इतकी झाली, की ‘काय लिहिले’ याला काही काळ दुय्यम जागा मिळाली.

पुरुष वाचक लेखिकेकडे हमखास वळतो तो आत्मचरित्राच्या वाटेने. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सर्वांनी वाचली. कोल्हापूरकरांच्या दृष्टीने जवळचे उदाहरण माधवी देसाई यांचे. भालजी पेंढारकरांची ही कन्या. कोवाडच्या रणजित देसाईंशी झालेला त्यांचा विवाह पुढे तुटला. ‘नाच गं घुमा’ (१९८८) हे त्यांचे आत्मकथन ‘स्वामी’ची पारायणे केलेल्या घरांतही शिरले. त्यातील ओढीत साहित्याइतकीच दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची हौस होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या निमित्ताने लेखिकेचे पुस्तक पुरुषांच्या हाती गेले.

लहान वयाची पसंती घरचे ठरवतात. मुलग्याला शिवराय आणि संभाजी, मुलीलाही तेच, वर जिजाबाई आणि झाशीची राणी. ज्या ताराबाईंनी करवीरची गादी उभी केली, त्यांची गोष्ट या रांगेत मागे राहते, तीही त्यांच्याच शहरात.

मानसन्मानांची यादीही वाचकाची नजर घडवते. मराठीला मिळालेले चारही ज्ञानपीठ पुरस्कार (खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, नेमाडे) पुरुषांचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कोल्हापुरात १९३२ साली झाले तेव्हा अध्यक्ष सयाजीराव गायकवाड, १९९२ साली रमेश मंत्री. जवळच्या कऱ्हाडात १९७५ मध्ये दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. कोल्हापुरात जन्मलेल्या विजया राजाध्यक्ष यांना हा मान २००१ मध्ये मिळाला, पण ते संमेलन इंदूरचे.