पाव बसला तर डेटेम, कडक झाला तर जीएमएस

सकाळचा पाव संध्याकाळी कडक झाला की दुसऱ्या दिवशी डेटेम वाढवायचं, ही खोड गोव्यातल्या छोट्या बेकऱ्यांत काही केल्या जात नाही. डेटेम आणि जीएमएस या पावाच्या पिठात घालायच्या दोन पुड्या. दोन्हींवर ‘इमल्सिफायर’ (तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ) लिहिलेलं असतं, म्हणून एकाच कामाच्या समजल्या जातात.

डेटेम (पुडीवरचा क्रमांक ४७२ई) बेकरीवाल्यांच्या ओळखीचं: किलोभर मैद्याला ३ ते ५ ग्रॅम, सुक्या पिठात मिसळायचं. ग्लुटेनला, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाला, बळ येतं, फुगलेला उंडा भट्टीत सरकवताना बसत नाही. पोय म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव; तिच्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी तोडतो, तिथेही ते कामी येतं. जास्त झालं की गोळा थापताना आखडतो.

जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, ४७१) स्टार्चवर, म्हणजे मैद्यातल्या पिष्टावर, काम करतं. भाजताना स्टार्च पाणी शोषून फुगतो. पाव निवल्यावर त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट धरू लागतात आणि गर कडक होत जातो. नुसतं पाणी उडाल्यामुळे हे होत नाही. म्हणून तर पिशवीत गच्च बांधलेला पावही कडक होतो, आणि फ्रिजमध्ये आणखी लवकर. पाव फ्रिजमध्ये ठेवूच नये. जीएमएस या साखळ्यांत अडकून बसतं आणि कडकपणा लांबवतं. डेटेम इथे जवळपास निरुपयोगी.

पण जीएमएसचे दाणे तसेच पिठात टाकले तर तेही वाया. ते वितळतात साधारण ६५ अंशांच्या आसपास. मळताना कणीक असते २८ अंशांवर. भट्टीत दाणा वितळेपर्यंत स्टार्च फुगूनही गेलेला असतो. १० किलो मैद्यासाठी ५० ग्रॅम जीएमएस २०० ग्रॅम पाण्यात घाला, ७० अंशांपर्यंत तापवून घोटा, ढवळत निववा. पांढरं, मलईसारखं जेल झालं की कणकेत घाला आणि मळायच्या पाण्यातून तेवढं पाणी वजा करा. थेट मिसळायची बारीक पावडर वेगळी मिळते. तिला हा खटाटोप नको.

बुरशीवर दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेट असतं.

पोदेर (गोव्यातला पाववाला) सकाळ-संध्याकाळ ताजी पोय दारात आणतो, तिच्यात यातलं काहीच घालू नये, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या दिवशी विकायच्या पॅकबंद पावात जीएमएस घाला. एकच पुडी परवडत असेल तर एसएसएल (सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट, ४८१) घ्या, किलोला ३ ते ५ ग्रॅम. ते दोन्ही कामं बऱ्यापैकी करतं. पावसाळ्यात डेटेमचा डबा घट्ट बंद ठेवा. दमट हवेत त्याचे गठ्ठे होतात, आणि गठ्ठे पिठात सारखे पसरत नाहीत.