आठ तास कशासाठी? स्लो कुकरमधल्या बीफ सँडविचचं रसायन

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. त्यातल्या बीफ सँडविचची जवळपास कुठलीही पाककृती काढून बघा, सामानाच्या यादीतच एक गोष्ट खटकते. मांस काट्याने सहज सुटावं इतकं मऊ हवं असतं, पण आणायला सांगतात चक म्हणून ओळखला जाणारा खांद्याचा तुकडा, नाहीतर ब्रिस्केट, म्हणजे छातीचा. हे जनावराचं वजन पेलत दिवसभर राबणारे स्नायू. चिवट, आणि चिवट म्हणूनच तुलनेने स्वस्त. बऱ्याच जणांना हा निव्वळ काटकसरीचा सल्ला वाटतो. मग कधीतरी हौसेने पाठीकडचा महागडा, मऊ तुकडा आणून कुकरमध्ये घातला जातो आणि आठ तासांनी रश्शात बुडालेलं ते मांस चक्क कोरडं निघतं. निदान ठरलेलं असतं: पाणी कमी पडलं.

पाण्याचा इथे काहीही दोष नाही. कच्च्या स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि ते प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मायोसिन हे प्रथिन आपली घडी मोडून आकसू लागतं. ७०च्या आगेमागे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते. जाळं आवळत जातं आणि पाणी बाहेर पिळलं जातं. बाहेर रस्सा कितीही असला तरी तो या आवळलेल्या जाळ्यात परत शिरत नाही. त्यामुळे मांस पाण्यात बुडवून ठेवलं की ते कोरडं पडत नाही, हा समज सोडून द्यायला हवा. खांद्याच्या तुकड्यातलंही पाणी असंच निघून जातं. तरीही तो जिभेला रसाळ लागतो, कारण त्याच्यात असं काही असतं जे पाठीकडच्या तुकड्यात फार थोडं असतं. ते म्हणजे कोलॅजन हे प्रथिन.

स्नायूचे तंतू सुटे नसतात. प्रत्येक तंतूभोवती एक पातळ आवरण असतं, तंतूंच्या जुडीभोवती त्याहून जाड आवरण, आणि अख्ख्या स्नायूभोवती आणखी एक. ही आवरणं मुख्यतः कोलॅजनची. स्नायूला जितकी ओढाताण सोसावी लागते, तितकी ती भक्कम. आपल्या दाताला जाणवणारा चिवटपणा बराचसा यांचाच.

आता कोलॅजनची रचना. हा लेख खरं तर याच्यासाठीच लिहिला आहे, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो. कोलॅजनचा रेणू म्हणजे तिपेडी वेणी. प्रत्येक पेडात सुमारे हजार अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे मणी, असतात. प्रत्येक पेड स्वतः डावीकडे पिळलेला असतो आणि तिन्ही पेड मिळून एकमेकांभोवती उजवीकडे पिळ घेतात. ही रचना पहिल्यांदा मांडली ती मद्रास विद्यापीठातल्या गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी, १९५४ साली. क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं) कोलॅजन वापरलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी पेड एकमेकांभोवती पिळलेले असल्याची सुधारणा केली. पेडांना जोडणारे हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे दोन की एक, यावर अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञांशी त्यांचा मतभेद झाला. शेवटी एकच बंध मान्य झाला, पण मूळ कल्पना रामचंद्रन यांचीच राहिली.

हे तीन पेड इतके घट्ट बसतात की मधल्या अक्षापाशी जागाच उरत नाही. म्हणून पेडातलं दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच असावं लागतं. ग्लायसिनची बाजूची शाखा म्हणजे फक्त एक हायड्रोजनचा अणू. त्याहून लहान काही मिळणारच नाही. उरलेल्या दोन जागी पुष्कळदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन असतात. त्यांच्या वलयांमुळे पेड ताठ राहतो. प्रोलीनचं हायड्रॉक्सिप्रोलीन करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की नवी वेणी नीट बसत नाही, आणि लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागायचं ते याचमुळे.

ही वेणी उष्णतेने सुटते आणि सुट्या पेडांना आपण जिलेटिन म्हणतो. इथेच मला सगळ्यात आवडणारी गंमत आहे. कोलॅजनचा एकटा रेणू द्रावणात ठेवला तर तो शरीराच्या तापमानाच्या आसपासच उलगडू लागतो. मग आपण सगळे विरघळून कसे जात नाही? कारण शरीरात तो एकटा नसतो. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी रचून दोर बनलेला असतो. उलगडणाऱ्या रेणूला हातपाय पसरायला जागा लागते. दोरात दाटीवाटीने बसलेल्याला ती मिळत नाही. ऊष्मागतिकीच्या भाषेत, उलगडून मिळणारी एन्ट्रॉपी (विस्कळितपणाचं माप) कमी पडते, म्हणून वितळण्याचं तापमान वर सरकतं. गुरांच्या मांसातल्या कोलॅजनचे दोर साधारण ६० ते ६५ अंशांना आखडतात. शिवाय शेजारच्या रेणूंना एकमेकांशी शिवणारे सहसंयुज, म्हणजे पक्के रासायनिक, बंध असतात, आणि जनावराच्या वयाबरोबर त्यांतले उष्णतेला दाद न देणारे बंध वाढत जातात. म्हणून म्हाताऱ्या जनावराचं मांस शिजायला वेळ जास्त लागतो आणि जिलेटिनही कमी सुटतं.

तेव्हा नुसतं ६५ अंश गाठून भागत नाही. त्या क्षणी उलट मांस जास्तच घट्ट होतं, कारण आखडणारी आवरणं आतल्या तंतूंना आवळतात. घाईने चौथ्या तासाला झाकण काढून 'अजून चामडंच आहे' म्हणणारा माणूस नेमका याच टप्प्यावर असतो. त्यानंतरचे तास लागतात ते आखडलेल्या दोरातून एकेक पेड सुटून रश्शात येण्यासाठी. जुड्यांमधली आवरणं विरघळली की तंतूंना धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि दोन काटे लावले की मांस उभ्या धाग्यांत सुटतं. धागे स्वतः कोरडेच असतात. पण त्यांच्यावर जिलेटिनचा आणि वितळलेल्या चरबीचा लेप बसलेला असतो, आणि जीभ त्यालाच रसाळ म्हणते. पाठीकडच्या तुकड्याला हा लेप मिळतच नाही.

अर्थात जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. साधारण दीड किलोच्या तुकड्याला कुकरच्या 'लो' या मंद बटणावर आठ ते दहा तास पुरतात. नंतर धाग्यांचाच लगदा व्हायला लागतो.

'लो' आणि 'हाय' या बटणांविषयीही एक गैरसमज आहे. बहुतेक स्लो कुकरमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या, जवळपास सारख्याच तापमानाला पोचतात. फरक असतो तो पोचायला लागणाऱ्या वेळात. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला या भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं. बाहेर तापणारी तार, आत जाड भांडं, वर झाकण, बस्स. लिथुआनियातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर शिजणाऱ्या पदार्थाची त्याच्या आईने सांगितलेली आठवण त्यामागे होती. १९७१ साली रायव्हल कंपनीने ते क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं आणि मग त्याची चलती झाली. प्रेशर कुकर १२० अंशांपर्यंत जाऊन हेच काम तासाभरात उरकतो, पण त्या तापमानाला तंतू जास्त आवळले जातात.

मांस आधी तव्यावर लालसर करून घ्यायचं ते 'रस आत कोंडण्यासाठी', हे एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने रूढ केलेलं मत अजून पाककृतींत फिरतं. असं काही कोंडलं जात नाही. तव्यावरचा चरचर आवाज हा बाहेर येणाऱ्या रसाचाच असतो. तरीही मांस परतावं, पण चवीसाठी. लुई मेयार यांनी १९१२ साली वर्णन केलेली, मांस तांबूस आणि खमंग करणारी अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या वर जोरात चालते, आणि पाण्याने भरलेला कुकर शंभरी ओलांडत नाही. तो खमंगपणा बाहेरूनच आणायला हवा.

जाता जाता कोलॅजनच्या पावडरींबद्दल. त्वचेसाठी, गुडघ्यांसाठी म्हणून त्या डब्यांवर काय काय छापलेलं असतं! पोटात गेलेलं कोलॅजन हे इतर प्रथिनांसारखंच अमिनो आम्लांत आणि छोट्या तुकड्यांत मोडतं. त्यांच्यावर 'गुडघा' असा पत्ता लिहिलेला नसतो. जिलेटिन खावं ते चवीसाठी.

सँडविच करताना धागे सोडवले की मांस लगेच पावात भरू नका. रश्शावरची चरबी काढा, रस्सा थोडा आटवा म्हणजे जिलेटिन दाट होईल, आणि मांस त्यात परत घोळवा. पावाची आतली बाजू लोण्यावर भाजून घेतली तर तो लगेच ओला होत नाही. जिलेटिन गार झालं की गोठायला लागतं, म्हणून गार सँडविच चिकट आणि जड लागतं. गरमच खावं. उरलेलं मांस उथळ डब्यात भरून लवकर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी रस्सा थलथलीत गोठलेला दिसेल, तो बिघडलेला नाही. फक्त ते गरम करायचं तर गॅसवर. स्लो कुकर तापायला तासन्‌तास घेतो आणि ४ ते ६० अंशांच्या मधला तो काळ जिवाणूंना फार मानवतो. याच कारणाने मांस कुकरमध्ये गोठलेलं घालू नये. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्यातला बर्फ पूर्ण वितळू द्यावा.