गावातलं घर: आपणच विकायचं की दलालाकडे द्यायचं?

गावातल्या घराला दलाल कशाला, असं आम्हालाही वाटत होतं. आर्वी तालुक्यातलं आमचं घर म्हणजे समोर सपरी म्हणजे ओसरी, मधे दोन खोल्या, मागे बैलांचा रिकामा कोठा आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. वडील गेल्यावर आई माझ्याकडे वर्ध्याला आली आणि घराला कुलूप लागलं. विकायचं ठरलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारचे चुलत काका दारात हजर. "घ्याचं तं मलेच हाय. पण आपसातलं हाय बापू, भाव कायले करतं? तूच सांग."

इथेच गाडं अडलं. आकडा सांगावा तर पोरगा शहरात जाऊन पैशाला हपापला, न सांगावा तर घर पडून. तीन महिने चहा होत राहिले, सौदा झाला नाही.

त्या तीन महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. घर विकणं म्हणतो ती खरं तर तीन वेगळी कामं आहेत: गिऱ्हाईक शोधणं, भाव ठरवणं आणि कागद पुरा करणं. "मीच विकतो" म्हणणारा तिन्ही अंगावर घेतो. दलालाकडे देणाऱ्याला वाटतं, तिन्ही सुटली. प्रत्यक्षात दलाल पहिलं काम करतो, दुसऱ्यात बरीच मदत करतो आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा हातही लावत नाही.

शहरात गिऱ्हाईक शोधणं हेच मोठं काम असतं. खेड्यात ते जवळजवळ फुकट होतं, कारण घेणारे मोजकेच: वाढवायला जागा हवी असलेला शेजारी, पोराचं लग्न काढलेला एखादा गाववाला. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की हेच लोक विचारायला येतात. दलालाची नवी ओळख इथे फारशी लागत नाही. मात्र गाव समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ असेल किंवा घर डांबरी रस्त्याला लागून असेल, तर चित्र बदलतं. माझ्या बहिणीच्या सासरचं घर सेलू तालुक्यात अशाच रस्त्यावर होतं. गावात कुणी पाच लाखांच्या वर बोलेना. तालुक्याच्या दलालानं गोदामासाठी जागा शोधणारा नागपूरचा माणूस आणला आणि सौदा साडेसहाला ठरला. भाऊजींनी दलालाला दोन टक्के दिले, म्हणजे तेरा हजार. ते गेले याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

भावाबद्दल एक सोय हल्ली दोघांनाही सारखीच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले दर दिसतात, आणि आसपासच्या झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा गोषवाराही शोधता येतो. तिथला आकडा म्हणजे खरा बाजारभाव नव्हे, पण "इकडं असाच भाव चालू हाय भाऊ" असं कुणी म्हणालं तर तपासायला तेवढं पुरतं.

दलालाचा खेड्यातला खरा उपयोग मला नंतर कळला. जे आपल्या तोंडून निघत नाही ते तो बोलतो. गिऱ्हाईक जितकं जवळचं, तितका मधला माणूस जास्त लागतो. हे उलटं वाटेल, पण चुलत काकांशी घासाघीस करून पुढे त्यांच्याच मांडवात जेवायला बसायचं असतं. फक्त हा मधला माणूस दलालच असला पाहिजे असं नाही.

आता पैशाची गोष्ट, कारण फसगत इथे होते. दलाली दोन पद्धतीनं ठरते. एक सरळ टक्क्यांची: आमच्या भागात एक ते दोन टक्के, पुष्कळदा दोन्हीकडून. दुसरी "वरचे तुझे" पद्धत. तुम्ही म्हणता, मला सहा लाख हातात पाहिजेत, वर जे येईल ते तुझं. ऐकायला सोपं वाटतं, पण ते तोंडातून निघालं की दलाल तुमचा राहत नाही. घर साडेसातला गेलं तर दीड लाख त्याचे, आणि गिऱ्हाइकाची नि तुमची भेट खरेदीच्या दिवसापर्यंत होऊ नये ही त्याची गरज. माझं मत स्पष्ट आहे: दलाल लावा, पण टक्क्यांवर, दोन ओळी लिहून, आणि गिऱ्हाइकासमोर बसून. दलाल मालकाच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःसाठी धंदा करत असेल, तर तो नफा मालकाला मागता येतो असं भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम २१६ सांगतं. पण "वरचे तुझे" हे तुम्हीच कबूल केलं असेल, तर नकळत कसं म्हणणार?

दलालासारखा दिसणारा एक तिसराही असतो. तो दलाली मागतच नाही. म्हणतो, "मीच घेतो." पंचवीस-तीस हजार बयाणा देतो, सहा महिन्यांची इसारचिठ्ठी करतो, आणि चिठ्ठीत हळूच एक ओळ येते: खरेदी माझ्या किंवा मी सांगेन त्याच्या नावे करून द्यावी. हा दलाल नाही आणि खरा घेणाराही नाही. तुमच्याच घराचा सौदा खिशात घेऊन तो पुढचं गिऱ्हाईक शोधत फिरतो. मिळालं तर फायदा त्याचा. नाही मिळालं तर सहा महिने तुमचं घर अडकलेलं. ती ओळ काढून टाका, बयाणा भक्कम घ्या, मुदत कमी ठेवा. खरा घेणारा असेल तर त्याला यात अडचण नसते. आणि मुखत्यारपत्र दलालाला नको, या तिसऱ्याला तर नकोच नको. त्यात विकायचा अधिकार लिहिला असेल, तर तुम्ही घरी बसल्या बसल्या तुमच्या वतीनं खरेदीखत होऊ शकतं.

महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण; त्याची नोंदणी आहे का, असं काही जण दलालाला विचारतात. चांगला प्रश्न, पण इथे लागू होत नाही. २०१६ च्या कायद्यातली एजंटची नोंदणी बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकण्यासाठी आहे. तुमचं जुनं कवेलूचं घर त्यात येत नाही. म्हणजे या दलालाची तक्रार घेऊन महारेराकडे जाता येत नाही. जे काही आहे ते लिहिलेल्या दोन ओळींत.

तिसरं काम कागदांचं, आणि दलाल असो-नसो ते तुमच्याच गळ्यात. गावठाणातल्या घराला लोक "आठ" दाखवतात. एक आठ ग्रामपंचायतीचा, म्हणजे घरटॅक्सचा नमुना ८. दुसरा पटवाऱ्याकडचा गाव नमुना ८-अ, तो जमिनीच्या खात्याचा. नावाच्या सारखेपणानं भले भले चुकतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कर कुणी भरायचा ते सांगतो. मालकीचा पक्का पुरावा तो नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका आणि सनद दिली जाते. तुमच्या गावात ती झाली असेल तर आधी ती काढा. जागा भोगवटदार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारचं बंधन असलेली असेल किंवा मालक आदिवासी आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. धारणी-चिखलदरा आणि गडचिरोलीकडे हे पहिल्यांदा पाहायचं, भाव नंतर.

त्याहून मोठा अडथळा सह्यांचा. आमच्या वडिलांनी घर स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही. म्हणजे आई, आम्ही दोघं भाऊ आणि दोघी बहिणी, पाच जणांचे सारखे हिस्से. बहिणींनी खरेदीखतावर सह्या करायच्या किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. बहिणीला फोन करून हे बोलणं दलालाच्या हिशेबात कधीच नसतं. वकील किंवा चांगला अर्जनवीस कागद बनवून देतो, पण घरातलं बोलणं घरातल्यांनीच करायचं.

रोखीबद्दल. घेणारा म्हणेल, कागदावर कमी दाखवू, मुद्रांक शुल्क वाचेल. शुल्क रेडी रेकनर आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त त्यावर लागतं, आणि रिवाजानं ते घेणारा भरतो. वाचले तर त्याचे. पण घरापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्या हातावर, म्हणजे विकणाऱ्यावर बसतो. दलाल इथे बहुधा गप्प राहतो, त्याची दलाली खऱ्या भावावर रोख मिळते ना! आणखी एक गैरसमज: खेड्यातली शेतजमीन विकली की भांडवली नफ्यावर कर नाही, म्हणून घरालाही नाही. घराला आहे. दलाली त्या नफ्यातून वजा करता येते, पण त्यासाठी पावती आणि बँकेतून दिलेली रक्कम हवी. रोख दिलेली दलाली कुठे दाखवणार?

आमच्या घराचं म्हणाल तर दलाल लागलाच नाही. गावातले निवृत्त मास्तर मधे बसले. त्यांनी काकांना एकट्याला ओट्यावर बसवून एक आकडा काढला, आईला विचारून दुसरा, आणि दोन संध्याकाळींत दोन्ही आकडे एक केले. मास्तरांना दुपट्टा-टोपी दिली, त्याहून जास्त त्यांनी घेतलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही पाचही जण गेलो. धाकट्या बहिणीनं सही करताना मागे वळून फक्त एवढं विचारलं, की तुळशीचं वृंदावन काका ठेवणार ना.

काकांनी कोठ्यात म्हशी बांधल्या आहेत. घरटॅक्सचं बिल मात्र पुढची दोन वर्षं वडिलांच्याच नावानं निघालं, कारण खरेदीखताची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत फेरफाराला अर्ज द्यायचा, हे मला वाटलं काका करतील आणि काकांना वाटलं मी.