प्रथमपुरुषी निवेदन (मराठी कादंबरी)

कादंबरीतले एखादे पात्रच ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते, तेव्हा त्या पद्धतीला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. हा ‘मी’ लेखकाने घडवलेला असतो. त्याला दिसते, कळते, आठवते तेवढेच वाचकाला मिळते. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, याचा तो फक्त अंदाज बांधू शकतो. त्याचा अंदाज चुकत असल्याचे वाचकाला त्याच्या आधी कळू लागते, तेव्हा या पद्धतीची खरी ताकद दिसते.

मराठीत या ‘मी’ला व्याकरणाने एक वेगळीच अट घातली आहे. इंग्रजीत निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे पानोपानी लपवता येते. मराठीत क्रियापद ते सांगून टाकते. ‘मी दार उघडलं. बाहेर पाहिलं. कुणी नव्हतं.’ इथपर्यंत बोलणारे कोण ते कळत नाही, कारण उघडणे आणि पाहणे या सकर्मक क्रियापदांचे रूप इथे कर्त्याप्रमाणे बदलत नाही. पण पुढचे वाक्य ‘मी परत आत आले’ असे आले, की बोलणारी बाई आहे हे ठरते. ‘मी सांगितलं’ काही उघड करत नाही, ‘मी म्हणालो’ करते. भविष्यकाळातले ‘मी जाईन’ दोघांनाही चालते. पुन्हा बोलीनुसार हेही बदलते: कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’ म्हणतात. म्हणजे मराठी कादंबरीकार ‘मी’ लिहायला बसतो, तेव्हा कोणाच्या तोंडाने बोलायचे, हे त्याला पहिल्या काही ओळींतच ठरवावे लागते.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी ते फार धाडसाने ठरवले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. तिची निवेदक यमू. भावाला आणि आपल्याला घरात वेगवेगळी वागणूक मिळते, हे लहानपणीच तिच्या ध्यानात येते. लग्न, नवऱ्याच्या सोबतीत लाभलेले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हे सगळे ती स्वतः सांगते. एका पुरुषाने पानेच्या पाने ‘मी गेले, मी बसले, मी रडले’ असे लिहिले आणि ते घरातल्या बायकांच्या बोलण्यासारखे उतरले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी स्वतः लिहिलेल्या आपल्या आयुष्यातल्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या १९१० मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे यमूच्या या आवाजाचे मोल कळते. हीच हकीकत तृतीयपुरुषात सांगितली असती, तर ती सुधारणेच्या बाजूचे एक प्रकरण झाली असती. यमू स्वतः बोलते, म्हणून वाचणाऱ्याला तिच्यापासून दूर उभे राहता येत नाही.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपातून मुंबईकडे निघालेल्या जहाजावर चक्रधर बोलतो. हॅर्टा या जर्मन ज्यू तरुणीवरचे त्याचे प्रेम आणि त्या प्रेमातला त्याचा कचखाऊपणा, दोन्ही त्याच्याच शब्दांतून उघडे पडतात.

मग १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला, पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द जागोजागी पेरत बोलतो. साधे शब्द आहेत, पण त्यांनी मराठी गद्याची चाल बदलली. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की आपलेच आयुष्य हजारांतला एक नमुना होते, ‘वगैरे’ म्हटले की पुढचे सांगण्यासारखे नाही असे सुचते. मधला एक भाग रोजनिशीच्या रूपात येतो, तिथे ‘मी’ आणखी तुटक होतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी मात्र सगळ्यापासून हात झटकणारा हा स्वर टिकत नाही. आधीचा अलिप्तपणा इतका सांभाळलेला असतो, की ती पाने वाचताना आवंढा येतो. नेमाडेही सांगवीचेच, त्यामुळे पांडुरंग म्हणजेच लेखक असे अनेकांनी धरले. हा घोटाळा प्रथमपुरुषी निवेदनाच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

एकाच ‘मी’ची मर्यादा ओलांडायची, तर ‘मी’ वाढवावे लागतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) असे सहाजण आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. यातले कोणतेही पान मधूनच उघडले, तरी ‘गेलो’ की ‘गेले’ यावरून बोलणाऱ्याचा निम्मा पत्ता लागतो. उरलेला निम्मा मात्र शैलीतून लागायला हवा, आणि तिथे दोन्ही कादंबऱ्या थोड्या कमी पडतात. अलंकारिक भाषा सगळ्यांच्या तोंडी जवळपास एकसारखीच आहे.

किरण नगरकर यांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) ‘मी’ एकच आहे, कुशंक पुरंदरे, पण त्याची गोष्ट सलग नाही. आठवणी काळाचा क्रम सोडून तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि त्यांची जुळणी वाचकालाच करावी लागते.