शीर फुगते पोटरीवर, गळती असते जांघेत

पोटरीवर वेटोळी घातलेली निळसर शीर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन, दिसू लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर लावायला काही मलम आहे का? मलमाने फार तर खाज कमी होईल, शीर आहे तशीच राहील. शीर जिथे फुगलेली दिसते तिथेच बिघाड असतो असे नाही. तो बऱ्याचदा बराच वर, जांघेतल्या किंवा गुडघ्यामागच्या एखाद्या झडपेत असतो.

पायातल्या रक्ताला हृदयापर्यंत सव्वा मीटरची चढण आहे. माणूस नुसता उभा राहिला तर घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत चढतो. चालायला लागला की तोच 30 च्या आसपास उतरतो. ही करामत पोटरीच्या स्नायूंची. प्रत्येक पावलाला ते आवळतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटार बंद होताच पाइपातले पाणी खाली उतरते, तसेच इथे होते. त्वचेलगतच्या शिरांना स्नायूंचा आधार नसतो. एक झडप निकामी झाली की वरच्या रक्ताचा भार खालच्या झडपेवर येतो, तिथली शीर ताणली जाते, झडपेची पाती एकमेकांना टेकेनाशी होतात आणि मग तिच्या खालची. घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी ग्रेट सॅफेनस ही शरीरातली सर्वांत लांब शीर. बहुतेक वेळा गळते ती हीच.

या झडपा खऱ्याच आहेत का, हे स्वतःच्या हातावर पाहता येते. हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा. मागच्या बाजूची शीर फुगली की बोटाच्या पेराजवळ तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे निपटून काढा. आता दुसरे बोट उचला. मधे झडप असेल तर तेवढा तुकडा रिकामाच राहतो, कारण वरून रक्त परत येत नाही. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्त शरीरात फिरत राहते हे मांडले, तेव्हा दंडाला पट्टी बांधून हातावर असेच प्रयोग दाखवले होते. इटलीतल्या पादुआला त्यांना शिकवणाऱ्या फॅब्रिशियस यांनी या झडपांवर 1603 मध्येच पुस्तक लिहिले होते, पण झडपा बाहेर जाणाऱ्या रक्ताचा वेग रोखतात असा त्यांचा समज होता.

घरात आई-वडिलांना हा त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. वय, लठ्ठपणा आणि गरोदरपण ही आणखी कारणे. गरोदरपणात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात, म्हणून तोवर उपचाराची घाई करत नाहीत. आणि मग तासन्‌तास उभे राहण्याची कामे: वाहतूक पोलीस, परिचारिका, शिक्षक, केशकर्तनकार, दुकानातल्या विक्रेत्या. केरळमधल्या कापड दुकानांतल्या बायकांनी कामाच्या वेळी बसता यावे म्हणून आंदोलन केले. 2018 मध्ये तिथल्या दुकाने-आस्थापना कायद्यात तशी दुरुस्ती झाली, 2021 मध्ये तमिळनाडूनेही ती केली. शिरांच्या आजारावर कुठल्याही मलमापेक्षा मोठा उपाय मला हा वाटतो.

पण बसून राहणे हाही उपाय नव्हे. पाय लोंबते ठेवून दिवसभर खुर्चीत बसले तरी पोटरी निष्क्रियच राहते. अर्ध्या तासाने चार पावले टाकावीत, ते जमत नसेल तर जागच्या जागी टाचा उचलून टेकवाव्यात. रात्री पाय छातीपेक्षा उंच ठेवले की सूज उतरते. दाब देणारे लांब मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायचे, कारण सूज आली की ते चढत नाहीत. मात्र मधुमेह असेल, धूम्रपान असेल, चालताना पोटरीत गोळे येत असतील तर पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. मोजे त्रास कमी करतात, गळकी झडप दुरुस्त करत नाहीत. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा फुगतात हे मात्र निव्वळ ऐकीव.

शिरा दिसायला वाईट दिसतात एवढीच तक्रार असेल तर काही न करणेही चालते. घोट्याच्या आतल्या बाजूला त्वचा काळपट-तपकिरी, कडक होऊ लागली तर मात्र थांबू नये. शिरेतून झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचा तो डाग असतो आणि पुढे तिथेच न भरणारी जखम होते. ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गळकी शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या, उशिरा केलेल्यांच्या 82 दिवसांत. दाब देणाऱ्या पट्ट्या दोन्ही गटांना होत्याच.

गळती नेमकी कुठे आहे ते डॉपलर सोनोग्राफी दाखवते. ती रुग्णाला उभे करून झाली पाहिजे. पूर्वी जांघेत छेद देऊन अख्खी शीर ओढून काढत. आता गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक नळी सरकवतात, भोवती भूल आणि सलाईनचे मिश्रण भरतात आणि रेडिओलहरींनी किंवा लेसरने शीर आतून शेकत नळी मागे घेतात. शेकलेली शीर आकसून बंद होते, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. लहान शिरांत औषधाचा फेस टोचतात. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पायातले सुमारे 90 टक्के रक्त खोल शिरांतूनच जाते, त्यामुळे अडत नाही. म्हणूनच आधी खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे पाहावे लागते. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते, हेही डॉक्टरांनी आधी सांगायला हवे. जळू लावून फुगवटा चार दिवस बसेल, पण वरून रक्त उतरतच राहणार.

दोन प्रसंगी घाई करावी. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला तर खोल शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, धाप लागत असेल तर लगेच. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर वर मांडीला दोरी आवळू नये. आडवे व्हावे, पाय उंच करावा, स्वच्छ कापडाची घडी फुटलेल्या जागेवरच दहा मिनिटे दाबून धरावी, मधे उचलून बघू नये. मग पट्टी बांधून डॉक्टरकडे जावे.