‘वेगळं’ एक, इंग्रजी शब्द पाच

ठाणे स्टेशनवर कुणी म्हणालं, ‘आय टूक अ डिफरंट लोकल’, तर तो मागची गाडी पकडून गेला की साधी सोडून एसी? सांगता येत नाही. मराठीत ‘दुसरी’ आणि ‘वेगळी’ अशी सोय आहे. ‘डिफरंट’ला दोन्ही ओझी वाहावी लागतात. गंमत म्हणजे वाहणं हाच त्याचा मूळ धंदा. लॅटिन ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणं, ‘डिस’ म्हणजे दूर.

1066 मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच आली. तोवर ‘अदर’, ‘संड्री’ (म्हणजे निरनिराळे) अशा घरच्या शब्दांवर भागत होतं. (हाच ‘संड्री’ आपल्या कॉमर्सच्या पोरांना ‘संड्री डेटर्स’मध्ये भेटतो.) पुढच्या शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्द येत राहिले आणि जुनेही टिकले. शब्दांची गर्दी झाली ती अशी.

पण प्रत्येकाच्या पोटात चित्र निराळं. ‘डायव्हर्स’ म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळलेलं. म्हणून एकट्या वस्तूला तो शोभत नाही, घोळका लागतो. ‘व्हेरिअस’च्या मुळाशी लॅटिनमधला ठिपकेदार, रंगीबेरंगी असा अर्थ, आज तो नुसतं ‘निरनिराळे, बरेच’ एवढंच सांगतो. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे खूण करून निवडलेलं, डोळ्यांत भरेल असं. आणि ‘सेपरेट’मध्ये फरकाचा प्रश्नच नाही. ठाण्यात वाशी-पनवेलच्या गाड्यांचे फलाट सेपरेट आहेत, पण दिसायला डिफरंट मुळीच नाहीत. घरातल्या ‘सेपरेट मीटर’चंही तेच: मीटर सारखेच, बिलं दोन.

आपला ‘भिन्न’ही असाच चित्रातला. संस्कृत ‘भिद्’ म्हणजे फोडणं. भिन्न म्हणजे फुटून निराळं झालेलं. बोलताना मात्र आपण सगळीकडे ‘वेगळं’ लावतो आणि इंग्रजी लिहिताना सगळीकडे ‘डिफरंट’.

त्याच्यापुढे ‘फ्रॉम’, ‘टू’ की ‘दॅन’, हे भांडणही जुनं आहे. ‘टू’ सोळाव्या शतकापासून आढळतो, ‘दॅन’ सतराव्या. ‘फ्रॉम’च हवा, ‘टू’ चालणार नाही, या समजुतीला इंग्रजी शब्दवापराचे कोशकार फाउलर यांनी 1926 मध्ये चक्क अंधश्रद्धा म्हटलं. तरी क्लासमध्ये लाल शाई ‘फ्रॉम’साठीच सांडते, आणि परीक्षेपुरतं ते पाळलेलं बरं. आपली मुलं ‘दॅन’ लिहितात, कारण डोक्यात ‘याच्यापेक्षा वेगळं’ असतं. ‘याहून वेगळं’ म्हणून पाहा, ‘फ्रॉम’ आपोआप येतो.